काळा आजार ओसरला, आता जाणकार सांभाळा

भारतातून काळा आजार हद्दपार झाल्याची अधिकृत घोषणा आता फार लांब राहिलेली नाही. १९९२ साली देशात या रोगाचे ७७,१०२ रुग्ण आणि १,४१९ मृत्यू सरकारदरबारी नोंदले गेले होते. २०२३ मध्ये वर्षभराचे रुग्ण सहाशेच्या आत आले. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांतल्या ५४ जिल्ह्यांत हा रोग मुक्काम ठोकून होता. तिथल्या ६३३ विकास गटांमध्ये दर दहा हजार लोकांमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट त्याच वर्षी गाठलं गेलं. ही पातळी तीन वर्षं टिकवून दाखवली की जागतिक आरोग्य संघटना शिक्कामोर्तब करते. बांगलादेशाने हा मान ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळवला, जगात सर्वांत आधी. आपणही मिळवू, याबद्दल मला शंका नाही.

माझं कामाचं सगळं आयुष्य हा रोग घडवणाऱ्या एका परजीवीच्या मागे गेलं, त्यामुळे त्या दिवशी मला किती आनंद होईल हे सांगायला नको. तरी आज लिहायला बसले ते काळजीपोटी. रुग्ण कमी झाले की पहिली कात्री लागते ती रोग ओळखणाऱ्या माणसांवर. तपासनीस निवृत्त होतात, जागा भरली जात नाही. प्रकल्प संपतो, पुढचा मंजूर होत नाही. तरुण संशोधक दुसऱ्या विषयाकडे वळतात आणि त्यांना दोष देता येत नाही. असं या रोगाच्या बाबतीत आपल्या देशात एकदा होऊन गेलं आहे आणि त्याची किंमत बिहारमधल्या गोरगरिबांनी मोजली आहे.

मी पुण्यात परजीवीशास्त्र शिकले आणि पुण्यातच प्रयोगशाळेत रुजू झाले. महाराष्ट्रात हा रोग पसरत नाही. मुंबई-पुण्यात जे रुग्ण सापडतात ते बहुतेक उत्तर बिहारातून कामाला आलेले. ‘बिहारच्या रोगावर तुम्ही इथं बसून काय करता?’ हा प्रश्न मला घरच्या लग्नकार्यांपासून अनुदान समितीपर्यंत सगळीकडे विचारला गेला. त्याचं उत्तर या परजीवीच्या स्वभावातच आहे.

लेशमानिया डोनोवानी हा एका पेशीचा जीव. डमडमच्या छावणीतून आजारी होऊन इंग्लंडला परतलेल्या एका सैनिकाच्या पानथरीत विल्यम लेशमन यांना तो दिसला, तर मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना स्वतंत्रपणे दिसला. दोघांनीही १९०३ मध्ये ते जाहीर केलं आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावं जोडून त्याचं बारसं केलं. हा रोग पसरवणाऱ्या वाळूमाशीच्या पोटात असताना त्याला लांब शेपटी असते, तो वळवळत पोहतो. माणसाच्या अंगात शिरला की शेपटी आवरून गोल होतो आणि आपल्या भक्षक पेशींमध्ये वस्ती करतो. या पेशींचं काम जंतूला गिळून पचवण्याचं. हा मात्र त्यांच्या पोटातल्या आम्लात मजेत राहतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो. ताप आठवडेन् आठवडे उतरत नाही. रक्त आटतं, हातापायांच्या काड्या होतात, पानथरी बरगडीखालून बेंबीकडे उतरते. औषध मिळालं नाही तर जवळजवळ प्रत्येक रुग्ण दगावतो. मारेकऱ्याच्याच पोटात हा जीव जिवंत कसा राहतो, हा प्रश्न पुण्यात बसूनही सोडवता येतो. मी तो सोडवायला घेतला आणि अजून तो पुरता सुटलेला नाही.

या परजीवीच्या अभ्यासाने सगळ्या जगाला किती दिलं आहे, याची जाणीव आपल्याकडे फारशी नाही. त्वचेचा रोग करणारी त्याची एक भावकी आहे, लेशमानिया मेजर. ती उंदरांच्या एका वाणाला टोचली तर फोड येतो आणि भरून निघतो. दुसऱ्या वाणाला टोचली तर रोग अंगभर पसरून उंदीर मरतो. परजीवी एकच, मात्राही एकच. मग फरक कुठे? त्याचा शोध घेताना १९८० च्या दशकात कळलं, की शरीरातल्या मदतनीस पेशी दोन वेगळ्या दिशांनी जाऊ शकतात आणि त्या कोणत्या दिशेला गेल्या यावर जगणं-मरणं ठरतं. आज दमा, ॲलर्जी, लसीकरण यांवर काम करणारा प्रत्येक संशोधक हे ज्ञान गृहीत धरून पुढे जातो. त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, की त्याचा भक्कम पुरावा अशा एका परजीवीने दिला ज्याची झळ जगभर बहुतेक गरिबांनाच लागते?

प्रयोगशाळेतलं आमचं काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. वाळूमाशीतलं शेपटीवालं रूप आम्ही २६ अंशांवर काचेच्या बाटल्यांत वाढवतो. पण बाटलीतच पिढ्यान् पिढ्या वाढवत राहिलं तर त्याची रोग करण्याची ताकद जाते. म्हणून अधूनमधून सोनेरी हॅमस्टरला लागण करायची, काही महिन्यांनी त्याची पानथरी काढायची, त्यातून परजीवी वेगळा करायचा आणि पुन्हा बाटलीत आणायचा. हे चक्र दिवाळीत थांबत नाही, गणपतीत थांबत नाही. वीज गेली, इन्क्युबेटर बंद पडला, तर रात्री उठून यावं लागतं. एका रुग्णापासून वेगळा केलेला वाण वीस वर्षं जिवंत आणि खरा ठेवणं हे कोणाच्याही शोधनिबंधात मोठ्या अक्षरांत छापलं जात नाही. पण नवं औषध तपासायचं झालं की सगळे तोच वाण मागायला येतात.

आणि मग बिहार. वैशाली, मुजफ्फरपूर, सीतामढी या भागात आम्ही नमुने गोळा करायला जायचो. वाळूमाशी पकडायची तर सूर्य उगवायच्या आत घरात शिरावं लागतं. मातीच्या, शेणाने सारवलेल्या भिंती, बांबूचं छप्पर, पलीकडे लागूनच म्हशीचा गोठा. भिंतीच्या भेगांमध्ये, ओलाव्याला आणि अंधाराला धरून ती बसलेली असते. आकार दोन-तीन मिलिमीटरचा, पंख पाठीवर उभे धरलेले. उडण्यापेक्षा उड्या मारत सरकणारी. हातात बॅटरी आणि एक काचेची नळी. नळीच्या मागच्या टोकाला रबरी नळी, मध्ये बारीक जाळीचा तुकडा. काचेचं तोंड माशीवर अलगद टेकवायचं आणि रबरी टोकातून हलका श्वास ओढायचा. जोरात ओढला तर माशी चेंगरते, हळू ओढला तर उडून जाते. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात हे काम करणाऱ्याला कीटक समाहारक म्हणतात. बिहारमध्ये आमच्याबरोबर जे गृहस्थ असत त्यांना सगळे चाचा म्हणत. हिवताप खात्यात आयुष्य काढलेले. दारातूनच भिंतीकडे बघून ते सांगत, ‘इथे वेळ घालवू नका, चुलीचा धूर लागतो. त्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर बघा.’ तिथे माशी असायचीच. चाचांनी हे कुठल्या पुस्तकातून शिकलं नव्हतं आणि ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलंही मला सापडलं नाही.

एका मुसहर वस्तीत दहाएक वर्षांचा मुलगा होता. मुसहर म्हणजे गावातल्या भूमिहीनांतले भूमिहीन. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं आणि चेहरा म्हाताऱ्याचा. त्याला महिनाभर अँटिमनीची इंजेक्शनं टोचून झाली होती. त्यासाठी आईने आधी बकरी विकली, मग सावकाराकडून पैसे उचलले. ती मला म्हणाली, ‘दीदी, सुई तो पूरी हो गयी, बुखार क्यों नहीं गया?’ तिला मी काय सांगणार? तिच्या मुलाच्या अंगातला परजीवी औषधाला सरावला होता. बिहारच्या सर्वाधिक लागणीच्या भागात अँटिमनीने जेमतेम ३५ टक्के रुग्ण बरे होत होते, तर शेजारच्या उत्तर प्रदेशात तेच औषध ८६ टक्के रुग्णांना लागू पडत होतं. संशोधक श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे २००० साली मांडले आणि मग धोरणाची चाकं हलली. गंगेच्या खोऱ्यातल्या हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक असतं, ते वर्षानुवर्षं पोटात जाऊन परजीवी त्याच्या भाऊबंद अँटिमनीला निबर झाला असावा, असाही एक तर्क पुढे मांडला गेला. मला तो पटतो. पण तो मांडायला पाणी, परजीवी आणि औषध या तिन्हींची जाण असलेली माणसं लागली.

आता तो जुना इतिहास. स्वातंत्र्यानंतर हिवतापाविरुद्ध घरोघर डीडीटी फवारली गेली. डासांबरोबर वाळूमाशीही मेली आणि १९६० च्या दशकात काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. हिवताप आटोक्यात आल्यावर फवारणी थांबली. माशी परतली. परजीवी कुठे ना कुठे, कोणा ना कोणाच्या अंगात टिकून होताच. १९७७ मध्ये उत्तर बिहारमध्ये मोठी साथ उसळली. वैशाली, मुजफ्फरपूर, समस्तीपूर, सीतामढी हे जिल्हे होरपळले. पाटण्यातल्या जुन्या डॉक्टरांकडून मी ऐकलं आहे, की मधल्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांनी हा रोग पाहिलेलाच नव्हता. कोणी विषमज्वर म्हणून, कोणी हिवताप म्हणून, कोणी क्षय म्हणून महिनोन् महिने उपचार करत राहिलं. केंद्राचा स्वतंत्र काळा आजार नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो १९९०-९१ मध्ये. साथ आली तेव्हापासून तेरा-चौदा वर्षांनी! वर दिलेला ७७,१०२ रुग्णांचा आकडा त्यानंतरचाच आहे.

हे पुन्हा होणार नाही असं मानायला मी तयार नाही, कारण परजीवी आजही टिकून आहे आणि कुठे टिकून आहे तेही आपल्याला माहीत आहे. काळा आजार बरा झालेल्यांपैकी शंभरातल्या पाच ते दहा जणांच्या अंगावर काही महिन्यांनी, बहुधा दोन-तीन वर्षांनी, फिकट चट्टे उमटतात. चेहऱ्यावर गाठी येतात. ताप नाही, अशक्तपणा नाही, दुखणं नाही. माणूस शेतावर जातो, मुंबईला बांधकामावर जातो. फार तर कोणीतरी त्याला कुष्ठरोग झाला म्हणतं आणि तो लाजेने अंग झाकून घेतो. पण त्या चट्ट्यांच्या कातडीत परजीवी असतो. या चट्ट्यांच्या रोगाचं पहिलं वर्णन उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२२ मध्ये केलं. अशा रुग्णाला चावलेल्या वाळूमाशीत परजीवी पोचतो का, याचा नीट प्रयोग मुजफ्फरपूरमध्ये अगदी अलीकडे झाला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, लागण नसलेल्या वाळूमाश्या रुग्णांच्या हातावर सोडून चावू दिल्या, मग त्यांचं पोट तपासलं. तापाच्या रुग्णांकडून आणि चट्ट्यांच्या रुग्णांकडून माशीला लागण झाली. ज्यांच्या रक्तात लागणीची खूण होती पण लक्षण कसलंच नव्हतं, त्यांच्याकडून झाली नाही.

या एका निष्कर्षाने कार्यक्रमाची दिशाच स्पष्ट केली. प्रत्येक लागण झालेल्या माणसामागे धावायची गरज नाही, चट्टेवाले शोधा. पण त्यासाठी काय लागलं ते पाहा. वाळूमाशी प्रयोगशाळेत वाढवणं हे भल्याभल्यांना जमत नाही. तिच्या अळ्यांना सशाच्या लेंड्या कुजवून केलेलं खाद्य लागतं. ओलावा जरा जास्त झाला की बुरशी, जरा कमी झाला की अळी वाळते. अंड्यापासून माशी व्हायला महिना-दीड महिना जातो. हे करणारा हात तयार व्हायला काही वर्षं लागतात. असा हात तीन वर्षांच्या प्रकल्पात कंत्राटावर ठेवला, तर तो शिकून तयार होतो त्याच सुमाराला प्रकल्प संपतो. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हॅमस्टरच्या पानथरीतून परजीवी वेगळा करण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं, असा माझा एक विद्यार्थी आज एका औषध कंपनीत विक्रीचे आकडे सांभाळतो. त्याची नेमणूक एक-एक वर्षाने वाढवली जात होती. लग्न झालं, मूल झालं आणि त्याने निर्णय घेतला. मी त्याला थांब म्हणू शकले नाही.

वाळूमाशी आणि तिचं खाणं यावरून आठवलं. परजीवी वाळूमाशीतूनच माणसात येतो, हे सिद्ध करायला आपल्याकडच्या संशोधकांना जवळपास दोन दशकं झगडावं लागलं. माशीच्या पोटात परजीवी दिसतो हे १९२४ मध्येच कलकत्त्यात कळलं होतं. पण तिच्या चाव्यातून माणसाला रोग होतो हे काही केल्या दाखवता येईना. माश्या आधीच मरत, नाहीतर परजीवी त्यांच्यात नीट वाढत नसे. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की त्यांना रक्तानंतर पुन्हा रक्त देण्याऐवजी बेदाणे द्यावेत. फळाच्या गोड रसावर माश्याही जगल्या आणि परजीवीही भरभरून वाढला. १९४२ मध्ये आसामात स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी अशा माश्या पाच स्वयंसेवकांना चावू दिल्या. पाचही जणांना लागण झाली. बेदाण्यांची ही युक्ती सुचली ती वर्षानुवर्षं त्याच माश्यांकडे बघत बसलेल्यांना.

औषधांचीही हीच कथा. या रोगासाठी म्हणून खास घडवलेलं मोठं औषध म्हणजे ब्रह्मचारींचं युरिया स्टिबामाइन. कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातल्या एका लहान खोलीत, जिथे वीज नाही, गॅस नाही, नळ नाही, तिथे कंदिलाच्या उजेडात १९२० च्या सुमाराला त्यांनी ते तयार केलं. आसाम-बंगालमधले असंख्य जीव त्याने वाचवले. अँटिमनीच्या औषधांनंतरची जवळपास सगळी औषधं उसनी आहेत. ॲम्फोटेरिसिन मुळात बुरशीवरचं. मिल्टेफोसिन कॅन्सरसाठी शोधलेलं. ते २००२ मध्ये भारतात काळ्या आजाराची पहिली तोंडाने घ्यायची गोळी म्हणून मान्य झालं. पॅरोमोमायसिन हे जुनं प्रतिजैविक. त्याची चाचणी बिहारमध्ये एका ना-नफा संस्थेने केली आणि २००६ मध्ये ते मान्य झालं. आज कामाला येतं ते चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेलं ॲम्फोटेरिसिन. एकच डोस, एकाच दिवशी. २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तेच पहिलं औषध आहे आणि रुग्णसंख्या खाली आणण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. पण तेही उत्पादक कंपनीच्या देणगीतून, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत येतं. ज्या रोगाच्या रुग्णाला औषध विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी नवं औषध शोधायला बाजार पुढे येत नाही. सरकारने पोसलेल्या प्रयोगशाळाच तेवढ्या उरतात. माणसांसाठीची लस तर अजूनही नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटत असेल तर त्याने आपल्याच मातीत पाहावं. मराठवाड्यातल्या माझ्या आजोळी पायऱ्यांची बारव होती. बायका पाण्यात उतरून घागर भरत. नारू झालेल्या एका शेजारणीच्या पायातून निघालेला पांढरा दोरा वैदू काडीवर गुंडाळत होता, रोज बोटभर, तुटू न देता. ते मी लहानपणी पाहिलं आहे. नारूवर औषध नव्हतं, लस नव्हती. पाणी गाळून प्या, पायरीच्या विहिरी बंद करा, रुग्णाला पाण्यात उतरू देऊ नका, एवढंच होतं. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. शेवटच्या रुग्णानंतरही वर्षानुवर्षं माणसं गावोगाव जाऊन विचारत राहिली, म्हणून तो शिक्का खरा ठरला.

कोकणातलं उदाहरण तर फार थोड्यांना माहीत असेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण होते. १९५० च्या दशकात गाडगीळ आणि शाह या मुंबईच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हा शिस्टोसोमा नावाचा कृमी आहे, आफ्रिकेत लाखोंना ग्रासणारा. गोड्या पाण्यातल्या एका बारीकशा गोगलगायीत तो वाढतो आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतो. तोवर हा रोग भारतात मुळात नाहीच, असा समज होता. लघवीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, टोकाला काटा असलेलं ते अंडं ओळखणारं कोणी नसतं, तर गिमवीकर मुतखड्याचं औषध घेत राहिले असते.

आणि वाळूमाशी आपल्याकडेही आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. गावाचंच नाव त्याला मिळालं. वाळूमाशी त्याची वाहक मानली जाते. २००३ मध्ये आंध्रात त्याने ३२९ मुलांना गाठलं; १८३ दगावली. विदर्भातही मुलं गेली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याने पुन्हा डोकं वर काढलं. ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत मूल हातचं जातं; औषध नाही. अशा वेळी घराच्या भेगांतली माशी कोणती, कुठे वाढते, कोणत्या औषधाने मरते, हे सांगणारा माणूस त्या जिल्ह्यात हवा. डीडीटीला उत्तर बिहारमधली माशी दाद देईनाशी झाली, हे चाचांसारख्यांनी पकडलेल्या माश्यांवरच्या चाचण्यांतून कळलं आणि तिथे दुसरं कीटकनाशक आलं. विदर्भातल्या माशीची तशी तपासणी नेमाने व्हायला नको का?

पैसा मर्यादित आहे, मधुमेह आणि कॅन्सर वाढत आहेत, सहाशे रुग्णांच्या रोगावर खर्च कशाला, असा युक्तिवाद मी समित्यांमध्ये ऐकला आहे. तो करणारी माणसं वाईट नसतात. पण मी जे मागते आहे त्याला फार पैसा लागत नाही. मागणी कायम जागांची आहे. काळ्या आजाराच्या चार राज्यांत आणि महाराष्ट्राच्या विदर्भात प्रत्येक जिल्ह्याला एक कीटकशास्त्रज्ञ आणि त्याच्या हाताखाली पूर्णवेळ कीटक समाहारक. परजीवींचे वाण जपणाऱ्या प्रयोगशाळांना तीन नव्हे, दहा वर्षांचं अनुदान. काळा आजार झालेल्या प्रत्येक माणसाची कातडी पुढची निदान पाच वर्षं तपासायची. तो सुरतला गेला असेल तर सुरतेत, भिवंडीला गेला असेल तर भिवंडीत. आशा कार्यकर्तीला या कामाचा वेगळा मोबदला. आणि वैद्यकीय महाविद्यालयांत परजीवीशास्त्राच्या तासाला खऱ्या स्लाइड, फोटो नव्हेत.

स्लाइडचा आग्रह मी का धरते? आज आरके-३९ नावाची पट्टी रक्ताच्या एका थेंबात निदान करते. फार उपयोगी चीज आहे. तिने खेड्यातलं निदान सोपं केलं. पण एकदा रोग होऊन बरा झालेल्या माणसात ती वर्षानुवर्षं होकारच देत राहते. त्याला पुन्हा ताप आला तर रोग उलटला की हा दुसराच ताप, हे पट्टी सांगू शकत नाही. मग पानथरीत सुई घालून नमुना घ्यावा लागतो. सुई क्षणभर आत आणि लगेच बाहेर. हात चुकला तर रक्तस्रावाने माणूस जाऊ शकतो. तो नमुना काचेवर पसरून, रंगवून, तेलाच्या भिंगाखाली तासन् तास बघायचा. गोल पेशी, तिच्यात एक मोठा ठिपका आणि शेजारी आडवी बारीक दांडी. दोन्ही दिसल्याशिवाय होकार द्यायचा नाही, कारण रंगाचा कण आणि रक्तबिंबिका दोन्ही डोळ्याला फसवतात. एचआयव्हीबरोबर काळा आजार झालेल्यांचा रोग वारंवार उलटतो. त्यांच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. रुग्ण जितके कमी, तितके उरलेले रुग्ण असे अवघड असणार.

अशी स्लाइड खात्रीने वाचणारे मी ओळखते ते मुजफ्फरपूर, पाटणा, वाराणसी, कोलकाता इथले मोजके लोक आहेत. बहुतेक साठीच्या आसपास पोचलेले, काही निवृत्त होऊन घरी बसलेले. बोलावलं तर ते येतील. मी काहींशी बोलले आहे. प्रत्येकाच्या शेजारी दोन तरुण, कायम नोकरीवर, निदान दोन पावसाळे बसवायला हवेत. केंद्र सरकारला आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला हे करायचं असेल तर शिक्कामोर्तबाची वाट न बघता, येत्या अर्थसंकल्पातच त्याची तरतूद करावी लागेल.